रसद, संशोधन आणि शाल-श्रीफळ

मला वाटलं होतं, जळगावला परत आले की कॉलेजात मला एक खोली मिळेल, पुस्तकांची दोन कपाटं मिळतील आणि प्रश्न विचारणारे विद्यार्थी मिळतील. खोली मिळाली. तिच्यात गणपतीचं मखर होतं.

कपाटही होतं. त्यात मखराचे दिवे होते. विद्यार्थी यायचे, ते दिवे न्यायला.

मी परदेशात शिकले ती लष्कराची रसद. सैन्याला लागणारं पीठ, डिझेल, औषधं, बूट हे सगळं शेतातून, कारखान्यातून निघून शेवटच्या चौकीपर्यंत कसं पोहोचतं आणि मध्ये कुठे अडकतं, याचा अभ्यास. जवानाचा जीव वाचवण्यात बंदुकीइतकाच कोरड्या सॉक्सचा वाटा असतो, असं मी मानत आले. तिकडे राहायची संधी होती. पण मला हा अभ्यास खानदेशातच करायचा होता, कारण आपल्याकडे गावोगावी निवृत्त फौजी आहेत आणि त्यातले कितीतरी रसदीतले असणार: ड्रायव्हर, स्टोअरवाले, स्वयंपाकी. त्यांना आजवर कोणी काही विचारलेलं नाही. ते आहेत तोवर विचारून घ्यावं, एवढंच माझं स्वप्न.

कॉलेजने या अभ्यासाचं केंद्र उघडून दिलं, पण एका अटीवर. वर्षभरात बाहेरच्या चांगल्या नियतकालिकात एक निबंध छापून आला तर केंद्र चालू. नाहीतर खोली मखराला परत.

तिकडच्या मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर विचारतात, "कसं चाललंय?" मी एखादा प्रसंग सांगते, त्या हसून लोळतात. मग पुढच्या रविवारी दुसरा. हे प्रसंग मला शोधावे लागत नाहीत. उन्हाळ्यात जळगावच्या गच्चीवर धूळ जमते तसे ते जमत राहतात. झाडून पाठ फिरवली की पुन्हा तेवढेच!

*

पहिला आठवडा. आम्ही मेहरूणला राहतो. संध्याकाळी तलावाकडे फिरायला निघाले, तर शेजारच्या काकूंनी गेटवरच पकडलं.

"एवढं बाहेर जाऊन तू नेमकं काय शिकून आलीस गं?"

मी उत्साहात सगळं सांगितलं. लष्कराचा पुरवठा, साठवण, वाहतूक, शेवटची चौकी. काकू फार लक्ष देऊन ऐकत होत्या. मला भरून आलं. घरचे सोडून एवढं ऐकून घेणारं पहिलंच माणूस!

माझं झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"म्हणजे मिलिटरी कँटीनमध्ये तुझी ओळख असेलच. आमच्या चिंटूच्या लग्नात डबल डोअरचा फ्रिज द्यायचाय."

मी म्हटलं, "काकू, मी फक्त अभ्यास करते."

"कर की! अभ्यास कर, पण फ्रिजचं लक्षात ठेव."

महिनाभरात सगळ्या गल्लीत झालं, की पोरगी कँटीनमध्ये मोठ्या पोस्टवर आहे, पण कोणाचं काम करत नाही. गर्विष्ठ आहे!

*

आमचे विभागप्रमुख चौधरी सर भला माणूस. कोणालाच नाही म्हणत नाहीत. हो पण म्हणत नाहीत. "बघू या" म्हणतात.

मी पुस्तकांची मागणी केली. सर म्हणाले, "बघू या." मी नकाशे मागितले. "बघू या." शेवटी मी सरळ संस्थेच्या चेअरमनकडे गेले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर हात मारला. "मॅडम, केंद्रासाठी निधी मंजूर! देशाचं काम आहे!"

मी दोन रात्री जागून आनंदात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या गेटवर टेम्पो उभा. त्यातून तोफ उतरत होती.

फायबरची तोफ. गणेश मंडळांचे देखावे करणाऱ्या कारागिरांकडून बनवून घेतलेली. हिरवी, चकचकीत, चाकांना सोनेरी रंग. पुस्तकांचा निधी त्या तोफेत गेला होता.

भाऊसाहेब शेजारी येऊन उभे राहिले, तोफेकडे पाहत समाधानाने म्हणाले,

"आता कसं, मॅडम! तुमचं संशोधन हायवेवरून दिसतं!"

*

पुस्तकं नाहीत तर नाहीत, म्हटलं, क्षेत्रकार्य करू. नाशवंत माल लांब पाठवायचा तर काय काय करावं लागतं, हे बघायला रावेरला केळीच्या पॅकिंगवर गेले. चौकीवर ताजी भाजी-फळं पोहोचवण्याचा प्रश्न आणि केळी परराज्यात पाठवण्याचा प्रश्न सख्खे भाऊ आहेत. कापणी, धुणं, बॉक्स, गाडी, वाटेतला उशीर, सगळं तेच.

तिथल्या व्यापाऱ्याला मी सांगितलं, "लष्कराच्या पुरवठ्याचा अभ्यास करतेय."

त्याने फक्त पहिला शब्द ऐकला. मला खुर्ची आली, पंखा आला, थंड पाणी आलं. थोड्या वेळाने शेजारचे दोन व्यापारी आले. मग त्यांचे भाऊ आले. प्रत्येकाच्या हातात केळीच्या फण्या.

"हा माल बघा ताई, डाग नाही एक."

"त्यांचा बघू नका, त्यांच्या बागेला करपा आहे."

"मी कोणतीही ऑर्डर देणार नाहीये," मी हात जोडून सांगितलं. "मी फक्त अभ्यास करतेय."

एक म्हातारे व्यापारी गालात हसले. "बरोबर आहे. मोठी ऑर्डर असली की आधी अभ्यासच करता."

माझ्या प्रश्नांची उत्तरं कोणी दिली नाहीत. वाटेत माल किती खराब होतो? "आपला माल खराब होतच नाही!" उशीर कुठे होतो? "आपल्याकडे उशीर नावालाही नाही!" जिथे ऑर्डर मिळण्याची शक्यता असते तिथे सगळं उत्तम चाललेलं असतं, हा त्या दिवशीचा माझा एकमेव निष्कर्ष.

गाडीत केळीच केळी भरून दिली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वाटली. चौधरी सरांनी तीन खाल्ली आणि रुमालाला हात पुसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या संशोधनातलं आज पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं."

*

मग संशोधन समितीची बैठक. बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. मी माझा आराखडा मांडला. त्यांनी तो शेवटपर्यंत उलटून पाहिला. परत पहिल्या पानावर आले.

"यात शत्रू कुठे आहे?"

"सर?"

"लष्कराचा विषय आहे ना? मग शत्रू कोण?"

मी म्हटलं, "सर, माझ्या अभ्यासात शत्रू म्हणजे बर्फ, अंतर आणि उशीर."

मला वाटलं, उत्तर चांगलं जमलं. तज्ज्ञांनी मान डोलावली. चौधरी सरांकडे वळून म्हणाले,

"मग हे भूगोल विभागाकडे द्या की!"

*

आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, आणि तीच तर मुख्य होती. माणसं. फौजी. निबंधाचा कणा तोच होता, प्रत्यक्ष रसदीत राबलेल्यांच्या साक्षी. त्या मिळाल्या तर निबंध, निबंध छापला तर केंद्र.

मी जिल्हाभर फोन केले. रसदीत काम केलेल्या काही निवृत्त जवानांना खोलीवर बोलावलं. चहा-बिस्किटं आणली, गोलाकार खुर्च्या मांडल्या, टेबल मुद्दाम काढून टाकलं. मोकळेपणाने बोलता यावं म्हणून.

ही बातमी भाऊसाहेबांकडे कशी गेली, कोण जाणे. ठरल्या दिवशी मी कॉलेजवर पोहोचले तर मैदानात मांडव. गेटपासून रांगोळी. लेझीम पथक. माझे फौजी स्टेजवर एका रांगेत, कपाळाला कुंकू, डोक्याला फेटा, मांडीवर शाल आणि नारळ. सगळे कसे अवघडून बसले होते.

भाषणं झाली. प्रत्येक भाषणात सीमा आली, छाती आली, रक्त आलं. दुपार झाली. मी चौधरी सरांच्या कानाशी गेले.

"सर, मला त्यांना प्रश्न विचारायचेत. त्यासाठी बोलावलंय ना!"

सरांनी माझ्याकडे दचकून पाहिलं. असं, की मी देवळात चप्पल घालून आलेय.

"मॅडम, सत्कारमूर्तींना प्रश्न विचारत नाहीत!"

तरी मी स्टेजच्या मागे गाठलं फौजींना. एकेकाला विचारलं, तुम्ही कुठे होतात, काय काम होतं? सोबत त्यांची मुलं, सुना, नातवंडं उभी. "बॉर्डरवर," पहिले म्हणाले. "बॉर्डरवर," दुसरे म्हणाले. तिसरे तर छाती पुढे काढून म्हणाले, "फ्रंटलाच होतो." फोनवर ह्याच माणसांनी मला सांगितलं होतं, मी टँकर चालवायचो, मी धान्याच्या गोदामावर होतो.

मी हळूच विचारलं, "मग जेवण कोण पोहोचवायचं?"

"ती वेगळी माणसं असतात," ते म्हणाले. त्यांची नात त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

त्या दिवशी मला कळलं, की आपल्या गावांत फौजी म्हणजे लढलेला माणूस. ज्याने वीस वर्षं पीठ वाहिलं त्याने घरी येऊन काय सांगायचं? त्याने सांगितलेलंच नाही. कोणीच नाही. माझा सगळा अभ्यास ज्या माणसांवर उभा होता, ती माणसं स्वतःच्याच घरात अस्तित्वात नव्हती.

*

सत्काराला न आलेले एक निवृत्त फौजी, आबा, मला भेटले ते याच्या नंतर. धुळ्याच्या पुढे त्यांचं गाव आहे. मी एकटी एस.टी.ने गेले, कोणालाही न सांगता. पुन्हा मांडव नको.

उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्ध्यावरच संपलेली. गावात पत्ता विचारला तर लोकांनी तोच सांगितला होता, "ते बॉर्डरवर बोटं गेलेले आबा ना? त्या बाजूला."

घरी त्यांची नात पूनम होती. पोलीस भरतीची तयारी करत होती, धुळ्यात एका अकॅडमीत जायची. तिने चहा दिला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "मी लहान होते ना ताई, तेव्हा आबांचा हात धरूनच झोपायचे. याच बोटांमुळे मला वर्दी घालायचीय."

ती ग्राउंडवर गेली. आबा मला घेऊन खळ्यावर आले. मग म्हणाले, "काय इचारनं ते इचार, बेटा."

मी विचारलं, बोटं कशी गेली?

"गोळीखाल नही गयात," ते म्हणाले. "मी उभ्या नोकरीमा शत्रू देखा नही."

गोळीने गेली नव्हती. साऱ्या नोकरीत त्यांनी शत्रू पाहिला नव्हता. ते गाडीवर होते. घाटात बर्फ पडला, पुढची गाडी अडकली, मागची अडकली. यांची मधली. थंडी वाढत गेली. गाडीत ते आणि त्यांचा साथीदार एकमेकांचे हात काखेत धरून बसले. रस्ता उघडला तेव्हा बोटं काळी पडली होती.

"गाडीत माल काय होता, आबा?" मी सवयीने विचारलं.

आबा माझ्याकडे बघायचे थांबले.

"हातमोजा," ते म्हणाले. "बठ्ठी गाडी हातमोजास्नी भरेल व्हती."

सगळी गाडी. हातमोज्यांनी भरलेली.

"तोडायचं ना गठ्ठ्यांचं सील!" माझ्या तोंडून निघालं. "कोणी नको म्हणालं होतं का?"

"कोणीच नही. आम्हले सुचनंच नही, बेटा." त्यांनी ती अर्धी बोटं दुसऱ्या हाताने चोळली. "माल दुसरास्ना व्हता ना."

परदेशात मी रसदीवर कितीतरी वाचलं. गोदामं, मार्ग, आकडेमोड, सगळं. पण माल पोहोचवणारा माणूस त्या मालाकडे कसा बघतो, हे मी कुठेही वाचलं नव्हतं. मला माहीत होतं, माझा निबंध हाच आहे. नियमांत कुठेही न लिहिलेली, कोणी न घातलेली बंदी. ज्याच्या बुडाखाली हातमोज्यांचे गठ्ठे आहेत त्याचेच हात गोठतात. हे लिहिलं तर कुठेतरी, कोणीतरी, एक ओळ बदलेल. एखाद्या ड्रायव्हरला सांगून ठेवेल, की बाबा रे, वेळ आली तर फोड.

मी ते सगळं आबांना सांगितलं, कॉलेजात होणाऱ्या चर्चासत्राचंही. फार बोलले मी. ते ऐकत होते.

"लिख," ते म्हणाले. "मनं नाव टाकीसन लिख. आते काय लपाडनं? आन तुम्हना तो कार्यक्रम शे ना, तठे मी सोताच सांगस. एकदाव मोकळं व्हस." त्यांचं नाव घालूनच लिहायचं होतं, आणि कार्यक्रमात ते स्वतःच सांगणार होते.

निघताना दारात त्यांनी तेवढं विचारलं, "पूनम येवाव नही ना तठे?"

"नाही येणार," मी म्हटलं. "तिचं ग्राउंड असेल."

*

कार्यक्रम म्हणजे आमचं चर्चासत्र. या वेळी मी भाऊसाहेबांना हात जोडून सांगितलं होतं, मांडव नको, लेझीम नको. वर्गात घेऊ, पंधरावीस माणसं पुरेत. निबंध जवळपास लिहून झाला होता. माझ्या तिकडच्या प्राध्यापकांनी कच्चा मसुदा वाचून लगेच कळवलं होतं, हातमोज्यांच्या भागासाठी तरी हे छापलंच पाहिजे, लवकर पाठव. चर्चासत्रात आबांनी ते स्वतः सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी मी निबंध पाठवायचा, असं ठरलं होतं. मी हवेत होते. मला वाटत होतं, एका माणसाने सांगितलं की बाकीचे पण बोलतील. टँकरवाले, गोदामवाले, सगळे.

भाऊसाहेबांनी शब्द पाळला. मांडव घातला नाही. मोठं सभागृह घेतलं.

आणि रिकामं सभागृह बरं दिसत नाही म्हणून त्यांनी ओळखीच्या भरती अकॅडमींना फोन केले. जळगाव, धुळे, जिथल्या तिथल्या बॅचेस ट्रॅकसूटवर बसने आणून बसवल्या. पुढच्या सगळ्या रांगा निळ्या-पिवळ्या. पोरं-पोरी ताठ बसलेली, गुडघ्यांवर हात.

पूनम दुसऱ्या रांगेत होती. मी तिला पाहिलं तेव्हा आबा स्टेजवर चढले होते. त्यांनी पण तेव्हाच पाहिलं. ती दोन्ही हात हलवत होती.

भाऊसाहेबांनी शाल घातली, नारळ दिला. मी माइक आबांच्या हातात दिला आणि हळूच म्हटलं, "आबा, नको असेल तर राहू द्या." त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

ते उभे राहिले. घरी खळ्यावर अहिराणीत बोललेले आबा इथे फौजेतल्या हिंदी-मराठीत बोलायला लागले. घाट सांगितला. बर्फ सांगितला. अगदी तसाच, जसा मला सांगितला होता. पुढची गाडी अडकली, मागची अडकली. 

"और फिर," आबा म्हणाले, आणि थांबले. दुसऱ्या रांगेकडे बघितलं.

"मग वरून फायर आला."

त्यांनी सांगितलं, शत्रू कुठून आला, साथीदार कसा पडला, त्याला खांद्यावर टाकून ते कसे निघाले आणि बोटं कशी गेली. बोलता बोलता त्यांनी उजवा हात वर केला आणि तसाच वर धरला. सभागृह उठून उभं राहिलं. घोषणा सुरू झाल्या. चौधरी सर माझ्या शेजारी रडत होते. खरोखर रडत होते. माझा हात दाबून म्हणाले, "मॅडम, आज तुमचा विषय समजला मला."

बाहेर गर्दीत पूनमने मला गाठलं. चेहरा लाल, डोळे भरलेले.

"ताई, एवढं सगळं आबांनी आम्हाला घरी कधीच नाही सांगितलं! तुमच्या त्या निबंधात येणार ना हे? त्यांच्या नावानिशी? मला आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकायचंय."

आबा तिच्या मागे उभे होते. खांद्यावर शाल, काखेत नारळ. त्यांनी मला काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही.

"लिखतीन ना ताई," ते तिला म्हणाले. "त्या बठ्ठं खरं लिखतीन."

मग बसवाल्याने हॉर्न दिला. पूनमने त्यांचा हात धरला, तोच उजवा, आणि दोघं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात जाऊन बसले. निबंध उघडला. घाटापासून हातमोज्यांपर्यंतची सगळी पानं काढून टाकली. उरलं त्याला निबंध म्हणता येत नव्हतं, म्हणून ते पाठवलं नाही. प्राध्यापकांना फक्त दोन ओळी लिहिल्या.

खानदेशात मला रसदीतलं कोणी भेटलं नाही. सगळे लढणारेच निघाले.